दुष्काळाच्या माथी मारलेला खून : ‘द ड्राय’ आणि तिचे वाचक

सुरुवातीलाच एक सूचना. आज आपण एका रहस्यकादंबरीबद्दल बोलणार आहोत, आणि खुनी कोण हे सांगूनच बोलणार आहोत. ज्यांना ती आधी वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं आणि वाचून परत यावं. व्याख्यान कुठे पळून जात नाही. या कादंबरीवरच्या बहुतेक तक्रारी तिच्या शेवटाबद्दल आहेत, त्यामुळे शेवट झाकून बोलणं शक्य नाही.

कादंबरी आहे जेन हार्पर यांची ‘द ड्राय’. २०१६ साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झाली. लेखिकेची ही पहिलीच कादंबरी. मूळच्या मँचेस्टरच्या या बाई व्यवसायानं पत्रकार. कादंबरीलेखनाच्या १२ आठवड्यांच्या एका ऑनलाइन वर्गात त्यांनी हिचा पहिला खर्डा लिहिला. २०१५ मध्ये तिला व्हिक्टोरिया राज्याचा अप्रकाशित हस्तलिखितासाठीचा पुरस्कार मिळाला आणि २०१७ मध्ये ब्रिटनमधला ‘गोल्ड डॅगर’, म्हणजे रहस्यलेखनातला मोठा मानाचा पुरस्कार. एरिक बाना यांनी नायकाची भूमिका केलेला चित्रपटही आला. कौतुक असं भरपूर झालं. तरीही ज्यांनी ज्यांनी ती वाचली त्यांच्याशी बोलायला बसलं की दोन गट पडतात. एक गट म्हणतो, एका बैठकीत संपवली. दुसरा म्हणतो, वाचली खरी, पण फसवल्यासारखं वाटलं. आम्हाला आज या दुसऱ्या गटाचं म्हणणं नीट ऐकायचं आहे.

आधी गोष्ट थोडक्यात. किवारा हे काल्पनिक गाव. मेलबर्नपासून मोटारीनं पाच-एक तासांवर, शेतीवर जगणारं. पाऊस गेलेला आहे. ल्यूक हॅडलर नावाचा शेतकरी, त्याची बायको कॅरन आणि लहान मुलगा बिली, तिघं गोळी लागून मेलेले सापडतात. तान्ही शार्लट तेवढी जिवंत आहे. गावाचं मत ठरलेलं: दुष्काळानं ल्यूकला वेड लावलं, त्यानं घरच्यांना मारलं आणि स्वतःलाही संपवलं. ल्यूकचा बालमित्र आरन फॉक अंत्यविधीला गावी येतो. तो आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारा पोलीस आहे. वीस वर्षांपूर्वी या दोघांची मैत्रीण एली डीकन नदीत बुडालेली सापडली होती. तिच्याजवळच्या चिठ्ठीवर ‘फॉक’ एवढंच नाव होतं. तेव्हा ल्यूक आणि आरन दोघांनी सांगितलं, आम्ही दोघं एकत्र होतो, सशांच्या शिकारीला गेलो होतो. ते खोटं होतं. गावानं आरन आणि त्याच्या वडिलांना राहू दिलं नाही. ते गाव सोडून गेले.

आता तक्रारी. पहिली तक्रार रहस्यकथा मुरलेल्या वाचकांची. ते म्हणतात, खुनी निघाला शाळेचा मुख्याध्यापक, आणि तो सापडला एका शब्दाच्या खेळावरून. कॅरननं एका कपट्यावर ‘ग्रँट’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलेलं असतं. गावात ग्रँट नावाचा एक गुंड प्रवृत्तीचा माणूस आहे, त्यामुळे सगळे त्याच्या मागे लागतात. प्रत्यक्षात तिला म्हणायचं होतं शाळेला मिळालेलं अनुदान. ते मुख्याध्यापकानं जुगाराच्या देण्यात घातलं होतं, आणि शाळेचे हिशेब बघणाऱ्या कॅरनच्या ते लक्षात आलं होतं. यावर आमचं म्हणणं एवढंच, की हा कोडं घालण्याचा प्रकार इंग्रजीत वाचणाऱ्याला कदाचित चकवेल. आपल्याकडच्या एखाद्या शिक्षकाला चकवणार नाही! ज्याच्या आयुष्याची पंधरा वर्षं ‘आमच्या शाळेला ग्रँट कधी येणार’ या एका प्रश्नात गेली, तो पहिल्याच झटक्यात म्हणेल, अहो, माणूस काय शोधताय, अनुदानाची फाईल काढा. तेव्हा ही तक्रार आम्ही अर्धी मान्य करतो. क्लृप्ती आहे, आणि ती क्लृप्ती म्हणून दिसते.

दुसरी तक्रार मांडणीची. वर्तमानातला तपास चालू असताना मध्येमध्ये तिरप्या अक्षरांत भूतकाळ येतो. त्यातल्या कित्येक गोष्टी आरनला कळणं शक्यच नाही; मेलेल्या माणसांच्या मनातलंसुद्धा आपल्याला परस्पर सांगितलं जातं. वाचक विचारतो, तपास करणाऱ्याला जे कष्टानं शोधायला हवं ते लेखिका मला फुकट का देते? हा आक्षेप बरोबर आहे. पहिल्या कादंबरीतला हा कच्चेपणा आहे आणि त्याला वेगळं नाव देण्याची गरज नाही.

तिसरी तक्रार मात्र गंभीर आहे. ती पर्यावरणाच्या ओढीनं हे पुस्तक हाती घेणाऱ्यांची आहे, आणि आजचं व्याख्यान खरं तिच्यासाठीच. तक्रार अशी: पुस्तकाचं नाव दुष्काळाचं, पहिल्या पानापासून धूळ, माश्या, भेगाळलेली जमीन. आणि शेवटी कळतं काय, तर दुष्काळाचा खुनाशी संबंधच नाही! एक जुगारी निघाला. मग दुष्काळ हा नुसता रंगवलेला पडदा होता का?

ही तक्रार मराठी माणसानं केली तर तिला आणखी धार येते. ‘द ड्राय’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. ते दिवस आपल्याला आठवतात. आणि त्या वर्षांत, त्याच्या आधी आणि नंतरही, शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आली की पारावर, कचेरीत, कधी चर्चेच्या कार्यक्रमातही एक वाक्य हमखास यायचं: “अहो, शेतीमुळे नाही, दारूमुळे. घरगुती कारण होतं.” आपल्याकडे शेतकरी गेला की त्याचं प्रकरण समितीपुढे जातं. नापिकी होती का, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे कागदावर दिसलं तर प्रकरण ‘पात्र’, नाहीतर ‘अपात्र’. पात्र ठरलं तर घरच्यांना १ लाख रुपयांची मदत. म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या दुःखाचं कारण त्याच्या बायकोला पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. अशा मुलखातल्या वाचकाला एखादी कादंबरी सांगू लागली, की दुष्काळ हे कारण नव्हतंच, जुगार होता, तर त्याला राग येणारच. तो राग आम्हाला रास्त वाटतो.

पण तो राग बाजूला न ठेवता, तो घेऊनच पुस्तक पुन्हा वाचलं तर काय दिसतं? जुगार खेळणारा शेतकरी नाही. शेतकऱ्याच्या माथी खून मारणारा माणूस जुगारी आहे. त्यानं ही युक्ती का केली? कारण ती खपेल याची त्याला खात्री होती. कर्जात बुडालेलं, पावसाची वाट बघून थकलेलं गाव आहे. तिथे एक शेतकरी बंदुकीसह मरून पडला तर कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि झालंही तसंच. शेजारच्या मोठ्या गावातून आलेल्या पोलिसांनी निष्कर्ष काढून टाकला. खरं तर ल्यूकच्या घरात एका बनावटीची काडतुसं होती आणि खुनात वापरलेली दुसऱ्या बनावटीची. मोजून बघितली असती तर दिसलं असतं. तान्ही शार्लट का वाचली, हा प्रश्नही कुणी धसाला लावला नाही. खुनी घरचा नव्हता, आणि ज्या मुलीला अजून बोलता येत नाही ती साक्ष देऊ शकत नाही, म्हणून ती वाचली. पण उत्तर आधीच तयार होतं. नव्यानंच गावात आलेला सार्जंट राको काडतुसांपाशी थांबतो, तो बाहेरचा असल्यामुळेच.

म्हणजे दुष्काळानं ल्यूकला मारलं नाही, हे खरं. दुष्काळानं गावाची विचारण्याची ताकद मारली होती. आमच्या मते ही कादंबरी दुष्काळाबद्दल जे सांगते ते हेच, आणि ते आपल्याला चांगलं लागू पडतं. ‘दुष्काळामुळे गेला’ आणि ‘दारूमुळे गेला’ ही दोन्ही वाक्यं ऐकायला एकमेकांच्या विरुद्ध आहेत. काम मात्र एकच करतात. दोन्हींनंतर फाईल बंद होते. त्या माणसानं कुणाकडून पैसे घेतले होते, विहीर किती फूट खोल गेली होती, शेवटच्या महिन्यात त्याच्याकडे कोण आलं होतं, हे विचारायचं राहून जातं. ‘द ड्राय’ शेतकऱ्यावर शिक्का मारत नाही, बसलेला शिक्का पुसते. ल्यूकच्या आईवडिलांना शेवटी एवढंच मिळतं, की आपल्या मुलानं ते केलं नव्हतं. ते काही थोडं नाही.

आता मैत्रीकडे येऊ, कारण चौथी तक्रार तिची. मैत्रीची कादंबरी म्हणून वाचायला घेतली, पण यात मैत्री आहे कुठे? ल्यूक फारसा आवडावा असा नाही. हसरा आहे, पण हुकूम गाजवणारा, प्रसंगी दुष्टसुद्धा. वीस वर्षांत दोघांची भेट क्वचितच. आणि आरनच्या मनात सतत एकच: त्या दिवशी ल्यूक होता कुठे? त्यानं मला वाचवायला खोटं सांगितलं, की स्वतःला वाचवायला?

आम्हाला वाटतं, मैत्री नेमकी तिथेच आहे. खोट्या साक्षीवर उभी राहिलेली मैत्री आयुष्यभर कशी सडते, ते लेखिकेनं दाखवलंय. दोन मुलांनी एकमेकांना सांभाळून घेतलं आणि त्या सांभाळून घेण्यातच विचारायची सोय संपली. विचारावं तर विश्वास नाही असं होतं. न विचारावं तर संशय जात नाही. आणि शेवटी, अगदी शेवटी, आरनला एलीची लपवून ठेवलेली पिशवी सापडते. तिला घर सोडून जायचं होतं. तिचा जीव तिच्या बापानंच घेतलेला होता. ती हळूहळू गप्प होत गेली, दूर जात गेली, हे या मित्रांना दिसलं होतं. वयच असं असतं, असं मानून कुणी खोलात गेलं नाही. म्हणजे गावानं ल्यूकच्या बाबतीत जे केलं, तेच मित्रांनी वीस वर्षांपूर्वी एलीच्या बाबतीत केलं होतं. सोपं उत्तर हाताशी होतं, म्हणून अवघड प्रश्न विचारला नाही. ज्या वाचकांना ही दोन रहस्यं एकमेकांना जोडलेली वाटत नाहीत, त्यांनी या बाजूनं एकदा बघावं. दोन खुनी वेगळे आहेत, काळ वेगळा आहे. न विचारणं तेच आहे.

या दोन्ही रहस्यांच्या मध्ये नदी आहे. गावी परतलेला आरन लहानपणच्या नदीकडे जातो. ती भरून वाहत असेल असं त्याला वाटत असतं, आणि बघतो तर पात्र कोरडं. ज्या पाण्यात एली गेली ते पाणीच उरलेलं नाही. आमच्या दृष्टीनं पुस्तकातला हा सर्वांत चांगला प्रसंग. लातूर-बीडकडच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. आणि पर्यावरण नुसता पडदा आहे म्हणणाऱ्यांनी शेवटचा पाठलागही आठवावा. मुख्याध्यापक सुकलेल्या झाडीत उभा आहे आणि त्याच्या हातात साधा लायटर आहे. ओल्या वर्षात त्या लायटरला कुणी घाबरलं नसतं. व्हिक्टोरियात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसं गेली होती. तिथल्या वाचकाला ती ठिणगी काय आहे ते सांगायला नको.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर ही टीका न राहता वकिली होईल. ही कादंबरी पाऊस नाही एवढंच सांगते. असलेलं पाणी कुणी उचललं, वरच्या अंगाला कुणाची पिकं हिरवी राहिली, हे विचारत नाही. त्या जमिनीचे मूळ रहिवासी तर कथेत जवळजवळ नाहीतच. आपण ज्या भागात उसाचे फड आणि टँकरच्या रांगा एकाच तालुक्यात बघितल्या आहेत, तिथे बसून वाचताना ही उणीव जाणवते. दुष्काळ आभाळातून येतो तसा कचेरीतूनही येतो, आणि हार्पर यांचा दुष्काळ फक्त आभाळातला आहे. गावाला प्रश्न विचारायला शिकवणारं हे पुस्तक, हा एक प्रश्न स्वतः विचारायला विसरलं.

तेव्हा नाराज वाचकांना आमचं सांगणं हे, की तुमची नाराजी सोडू नका, पण तिचा पत्ता बदला. खुनी दुष्काळ निघाला नाही म्हणून रागावू नका. पाण्याचा हिशेब मागितला नाही म्हणून रागवा. आणि ज्यांना पुस्तक बेहद्द आवडलं त्यांनी, पुढच्या वेळी आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मृत्यूची चार ओळींची बातमी वाचताना, त्या चार ओळींत दिलेल्या कारणापाशी जरा थांबून बघावं. राको थांबला होता तसं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आजचा विषयच तो होता.