‘ओइदा’ : कळलं की कळलंय?

आज एकाच ग्रीक क्रियापदाबद्दल बोलायचं आहे. ‘ओइदा’. कोशात अर्थ मिळतो ‘मी जाणतो’. पण रूप वर्तमानकाळाचं नाही, पूर्णकाळाचं आहे. धातू मुळात ‘पाहणे’ या अर्थाचा. आपलं संस्कृत ‘वेद’, म्हणजे ‘मी जाणतो’, हे त्याचं सख्खं भावंड. ‘ददर्श’मध्ये पहिलं अक्षर दोनदा येतं, तसं ते ना ‘वेद’मध्ये येतं, ना ‘ओइदा’मध्ये. अनेकवचनात तिकडे ‘इस्मेन’, इकडे ‘विद्म’.

ग्रीक पूर्णकाळाचा भर घडून गेलेल्या घटनेवर नसतो, तिच्यातून आज उरलेल्या स्थितीवर असतो. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. विठ्ठलवाडी स्टेशनवर ‘गाडी आली होती’ म्हटलं तर संपलं. ‘गाडी आलीय’ म्हटलं की पळायचं. ‘तो झोपलाय’ म्हणजे आत्ता झोपेत आहे. शाळेत याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणायचो. नावातच ‘वर्तमान’ आहे.

मात्र इथे मोह आवरला पाहिजे. ‘ज्ञान म्हणजे दर्शन’ असं व्युत्पत्तीवरून सिद्ध करणारे पुष्कळ भेटतात. प्लेटोच्या काळी ‘ओइदा’ हे रोजच्या वापरातलं क्रियापद होतं. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे.

आता सॉक्रेटिस. ‘मला काहीच माहीत नाही, एवढंच मला माहीत आहे’ हे वाक्य त्याच्या नावावर सर्रास खपतं. मीसुद्धा वर्षानुवर्षं वर्गात ते सांगितलं. त्यातल्या विरोधाभासाची मुलांना गंमत वाटायची. पण प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त ते नाही. तिथे तो इतकंच म्हणतो, की जे मी जाणत नाही, ते जाणतो असं मला वाटतही नाही. म्हणजे नसलेल्या स्थितीवर तो हक्क सांगत नाही.

आणि पुढे, मृत्यूनंतर काय हे आपण जाणत नाही असं सांगून, तोच माणूस म्हणतो की अन्याय करणं वाईट आणि लाजिरवाणं आहे, हे मात्र मी जाणतो. क्रियापद तेच, ‘ओइदा’. खटला इ.स.पू. 399चा, शिक्षा मृत्यूची.

लोकप्रिय वाक्याने नेमकं हेच पुसलं. काहीच न जाणणारा माणूस प्राणावर उदार कशाच्या जोरावर होईल? सॉक्रेटिसला थोडंच कळलं होतं, असं म्हणू नका. थोडंच, पण पक्कं कळलेलं होतं. आणि मरतानाही ते कळलेलंच होतं.