लाल देवळापलीकडे : महाराष्ट्रातला ज्यू वारसा

जालन्यात बसून ज्यूंच्या वारशावर काय बोलायचं, असं कुणी विचारेल. आम्ही आधी बेथेलचं नाव घेऊ. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. ज्यूंशी तिचा संबंध नाही, पण नाव हिब्रू आहे. 'बेथ एल' म्हणजे देवाचं घर. रायगड जिल्ह्यात पनवेलच्या आणि रेवदंड्याच्या सिनेगॉगचंही हेच नाव. ती घरं बांधली मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाने. आज बोलायचंय ते त्या घरांबद्दल.

ज्यू वारसा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पुण्याचं लाल देऊळ, भायखळ्याचं मागेन डेव्हिड, फोर्टातलं केनेसेथ इलियाहू. तिन्ही ससून घराण्याने बांधलेली. ससून बगदादहून आलेले धनाढ्य व्यापारी. इमारतीही तशाच भव्य. केनेसेथ इलियाहू 1884 चं. 2019 मध्ये त्याचं जतनकाम पूर्ण झालं, चांगलंच झालं. आमची तक्रार त्यावर नाही. तक्रार अशी, की आपली नजर तिथेच थांबते. पुण्यातच, रास्ता पेठेत बेने इस्रायलींचं सुक्कथ शेलोमो आहे. लाल देवळाचा रस्ता कुणीही सांगेल. याचा किती जण सांगतील?

आता कोकणात चला. तिथे हा समाज तेलाचे घाणे चालवायचा आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं बघा : दिवेकर, किहीमकर, पेणकर, नवगावकर. प्रत्येक आडनावात एक गाव. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, शार हरहमीम, 1796 चं. ते बांधणारेही दिवेकरच. अलिबागला मागेन अबोथ आहे, ठाण्याला 1879 चं शार हशामाइम.

अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, अशी समाजाची परंपरा सांगते. लेख आणि माहितीपत्रकं मात्र ही गोष्ट 'दोन हजार वर्षांपूर्वी घडलेली' म्हणून बिनदिक्कत छापतात. त्या काळचा लेखी पुरावा नाही. श्रद्धा श्रद्धा म्हणून सांगितली तर तिची किंमत कमी होत नाही. इतिहास म्हणून खपवली, तर खऱ्या पुराव्याकडे दुर्लक्ष होतं.

आणि खरा पुरावा तर आपल्याला वाचता येतो! वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह 1846 साली मुंबईत छापली गेली. बायबलातल्या कथांवर या समाजाने मराठीत कीर्तनं केली. नवस फेडायला आजही मलिदा होतो, पोहे आणि नारळाचा. कबरस्तानातल्या दगडांवर हिब्रूशेजारी मराठी अक्षरं आहेत. लंडन-न्यूयॉर्कच्या अभ्यासकाला ती वाचायला दुभाषा लागेल. आपल्याला नाही लागत. तरी आपणच ती वाचत नाही, हे आम्हाला खटकतं.

अडचण काय आहे, तेही सांगतो. सिनेगॉगातल्या सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. ज्या गावात दहा जण जमत नाहीत, तिथे कुलूप लागतं. आणि कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. दरवर्षी कौलं चाळली नाहीत, तर कुलूपबंद घर किती दिवस टिकणार? 2016 साली राज्याने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचं मोल आहेच, पण कागदाने छप्पर शाकारलं जात नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की वारसा इमारतीच्या उंचीवर मोजू नका. समाजातल्या जाणत्यांची परवानगी घेऊन कबरस्तानांची नोंद व्हावी, दगडांचे फोटो काढले जावेत, मराठी मजकूर उतरवून घेतला जावा. मोठा निधी येईपर्यंत थांबायला नको. कॉलेजच्या मुलांनाही हे जमेल. दगड झिजतायत, आणि त्यावरचे माणसांचे संबंध सांगू शकणारे म्हातारे होतायत. दोन्हींना फार वेळ नाही.

बेथेलची पाटी बघाल, तेव्हा पनवेल-रेवदंड्याची ही दोन घरंही आठवा.