महाद्वाराबाहेरून दिसलेले पंढरपूर

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर मराठी साहित्याला नवे नाही. नामदेवांपासून आजपर्यंत या गावाविषयी जेवढे लिहिले गेले, तेवढे दुसऱ्या एखाद्या गावाविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. परंतु या गावाचे आणखी एक वाङ्मय आहे आणि समीक्षेचे लक्ष त्याकडे सहसा जात नाही. ते म्हणजे जुनी चित्रकार्डे. संग्राहक ती हौसेने जमवितात, वहीत ओळीने लावतात. ही केवळ हौस, की वाचनाचाच एक प्रकार, हा प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

हिंदुस्थानात सरकारी पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्याला मिळू लागले. चित्रकार्डांची लाट आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. त्याच सुमारास, १९०६ साली, बार्शी लाइट रेल्वेचा कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग सुरू झाला. टाळ-मृदंगासह निघालेला वारकरी आणि तिपाईवरचा कॅमेरा घेऊन निघालेला साहेब, या दोघांनाही आता त्या लहान रुळांची सोय झाली. अशा कॅमेऱ्याला स्थिर विषय सोयीचा. त्यामुळे चित्रेही ठरल्यासारखी असतात : चंद्रभागेचे वाळवंट, दगडी घाट, पुंडलिकाचे देऊळ, महाद्वार. आळंदीहून सुमारे २५० किलोमीटर चालत आलेली पालखी, म्हणजे जी या गावाचा प्राण, ती कार्डात मावत नाही. त्या काळची अनेक रंगीत कार्डे जर्मनीत छापली जात. रंग भरणाऱ्या कारागिराने ते गाव कधी पाहिलेले नसे. पताकेचा भगवा रंग त्याच्या हातून तांबडा झाला, तर दोष त्याचा नव्हे.

दोष असलाच तर तो नजरेचा. या चित्रांत देऊळ दिसते ते बाहेरून. गाभारा दिसत नाही, विटेवरचा देव दिसत नाही. चित्र महाद्वाराशी येऊन थांबते. तेथे नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळून चोखामेळा तिच्याखाली गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून नामदेवांनी त्या पंढरीस आणल्या, अशी परंपरा सांगते. हयातीत ज्याला उंबरा ओलांडता आला नाही, त्याला मरणानंतरही उंबऱ्याबाहेरच जागा मिळाली. परक्या छायाचित्रकाराची तिपाई उभी राहिली तीही तेथेच. दोघांची जागा एक, पण चोखोबा बाहेर उभे राहून आतल्याला हाक मारीत होते आणि कॅमेरा बाहेर उभा राहून बाहेरचेच टिपीत होता.

हा फरक आपल्या वाचकांनी विशेष ध्यानी घ्यावा. परदेशी मिशनसंस्थाही निधीसाठी अशी कार्डे काढीत. चित्राखालच्या दोन-चार शब्दांत हिंदू यात्रेकरूचा भक्त न राहता दयेचा विषय होई. हा वारसा आपला नाही, असे मराठी ख्रिस्ती माणसाला म्हणता येणार नाही. मात्र दुसराही वारसा आपलाच आहे. नारायण वामन टिळकांनी तुकोबांचे ऋण उघडपणे मानले आणि ख्रिस्तभक्तीसाठी अभंग हाती घेतला. येशूसंघीय गी दलरी यांचा विठ्ठलसंप्रदायावरील ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. या दोघांनी चित्राखालच्या ओळीवर समाधान मानले नाही.

कार्डाची मर्यादा कळते ती इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख शेजारी ठेवला म्हणजे. वारीत चालताना त्यांनी भक्तीचा पूर पाहिला आणि जेवणाच्या वेळी जातीजातींच्या पंगती वेगळ्या पडतात हेही पाहिले. हे दुसरे सत्य घाटावरच्या गर्दीच्या चित्रात दिसत नाही, कारण लांबून गर्दी एकच भासते. म्हणूनच संग्राहकाचे कालनिर्णयाचे कष्ट मला क्षुल्लक वाटत नाहीत. तिकिटावर सातवा एडवर्ड आहे की पाचवा जॉर्ज, शिक्का कोणत्या सालचा, मजकुरासाठी पाठीवर जागा आहे की अक्षरे चित्राच्या कडेनेच लिहिली आहेत, हे तो पाहतो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले, तेव्हा हे देऊळ अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले. त्याच्या आधीचे महाद्वार आणि नंतरचे महाद्वार चित्रात सारखेच दिसते, दगड बदललेला नसतो. बदल दाखविते ती तारीख. जो संग्राहक कोरी, स्वच्छ कार्डे तेवढी निवडतो आणि लिहिलेली, डागाळलेली बाजूला टाकतो, तो या वाङ्मयाचे अर्धे पान फाडून टाकतो.

आपल्या घरच्या प्रार्थनापुस्तकातही लूर्दच्या गुहेचे एखादे जुने कार्ड असते. आपण ते चित्र म्हणून ठेवीत नाही. ज्या आजीने ते जपले, तिची आठवण म्हणून ठेवतो. पंढरपूरचे कार्डही कुणा आजीच्या वाटेवरचे आहे, एवढे ध्यानात ठेवून ते वहीत लावले, तर संग्रहालाही वाचनाची योग्यता येईल.