पाठ दाखव बरं

रुखवताच्या टेबलाशी सासरकडच्या वयस्क बायका यायच्या तेव्हा नवरीच्या आईचा जीव खालीवर व्हायचा. स्टीलच्या डब्यांकडे त्या ढुंकूनही बघायच्या नाहीत. क्रोशाचा रुमाल उचलायच्या आणि आधी उलटा करायच्या. नवा दोरा कुठे जोडला, टोक कसे दडवले, गाठ मारून वेळ मारून नेली की विणीत ओवून जिरवली, हे सगळे पाठच सांगते. लहानपणी चिखलीकडच्या एका लग्नात ऐकलेले वाक्य माझ्या अजून कानात आहे : “समोरून काय, सारेच गोरे दिसतात वं! पाठ दाखव बरं.”

खामगावच्या बाजारात चांदी कसाला लागते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दोऱ्याचा कस लागायचा तो या टेबलाशी. क्रोशावर कुणी परीक्षण लिहिले नाही, त्याचे प्रदर्शन कुठल्या कलादालनात भरले नाही. पण परीक्षा होती, परीक्षक होते, आणि ते निर्दय होते. आता रुखवत भाड्याने मिळते. थर्माकोलची बैलगाडी, चकचकीत कागदाचे तुळशीवृंदावन, मोत्यांची पालखी आणतात, दोन तास मांडतात आणि परत नेतात. क्रोशा मात्र संपलेला नाही, उलट सध्या जोरात आहे. बुलढाणा, मेहकर, मलकापूर, कुठेही बायकांच्या हातात सुई दिसते आणि समोर मोबाइल उभा केलेला असतो. माझी तक्रार संख्येबद्दल नाही, विणीबद्दल आहे.

आज घराघरांत काय विणले जाते ते बघा. दाराचे तोरण, गौरी-गणपतीपुढची महिरप, पाटावरचे आसन, ताटाभोवती ठेवायची लोकरीची रांगोळी, संक्रांतीच्या वाणासाठी छोटी पाकिटे, बाळासाठी टोपडे आणि जपानी पद्धतीच्या गुबगुबीत बाहुल्या. यातले बहुतेक काम ॲक्रिलिकचे असते. दुकानात त्याला सर्रास लोकर म्हणतात, मेंढीचा त्याच्याशी संबंध नसतो. ते स्वस्त आहे, रंग भडक मिळतात, जाड असल्याने काम दोन दुपारींत हातावेगळे होते. आणि मुख्य म्हणजे जाड धागा चुका पोटात घालतो. एखादा खांब गळला तरी फुगलेल्या लोकरीत तो कुणाला दिसत नाही.

चाळीस नंबरच्या पांढऱ्या सुती दोऱ्यात असे काही लपत नाही. या नंबरांचा हिशेब उलटा असतो, नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. वीस नंबरवर हात बसला की चाळीस, आणि ज्यांची नजर शाबूत त्या त्याहून पुढे. त्या दोऱ्यात विणलेला फूटभराचा, अननसाच्या नमुन्याचा रुमाल कित्येक आठवड्यांच्या दुपारी खातो. उन्हाळ्यात तळहाताच्या घामाने दोरा मळू नये म्हणून मांडीवर स्वच्छ फडके घेऊन, हाताला पावडर लावून बायका बसत. रुमाल झाल्यावर तो धुऊन, साबुदाण्याच्या खळीत बुडवून, गादीवर टाचण्यांनी ताणून वाळवत, तेव्हा कुठे अननसाची पाने उघडत. साखरेच्या पाण्याने कडकपणा जास्त चांगला येई, फक्त मुंग्या लागत. आजच्या कामात हा ताणण्याचा टप्पा जवळजवळ गळाला आहे. सुईवरून उतरले की लगेच फोटो, त्यामुळे नमुना सुरकुतलेलाच जन्माला येतो.

विणणारीला भूमिती येते हे तिला कुणी सांगितलेले नसते. गोल रुमाल सपाट बसवायचा तर सुरुवातीच्या कड्यात बारा खांब घालायचे आणि पुढच्या प्रत्येक फेरीत साधारण बारा वाढवायचे. कमी वाढवले की रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले की कडेला झालर पडते. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी याच झालरीचा उपयोग केला. टाके ठरावीक प्रमाणात वाढवत नेऊन त्यांनी अतिपरवलयी प्रतल विणले. ज्या पृष्ठभागाची कागदी मॉडेले हातात घेताच फाटत, तो त्यांच्या विद्यार्थ्यांना चुरगाळून बघता येऊ लागला. आपल्याकडे झालर पडली की आजी म्हणायची, “उसव.” दोघींचे बरोबर होते. मात्र आजच्या व्हिडिओत “इथे वीस खांब घाला” एवढेच सांगतात, वीस का ते सांगत नाहीत. त्यामुळे धागा बदलला, हाताची ओढ सैल पडली की रुमाल वाटीसारखा फुगतो आणि त्यावर काय करायचे ते विणणारीला उमगत नाही. साखळी, मुका खांब, खांब, दुहेरी खांब ही आपली किती नेटकी परिभाषा! खांब म्हटले की तो उभा दिसतो. ती परिभाषा जाऊन तिच्या जागी डीसी, एससी ही इंग्रजी लघुरूपे आली आहेत. त्यातही इंग्लंडचा डीसी वेगळा आणि अमेरिकेचा वेगळा. इंग्लंडचा डीसी म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकेचा डीसी म्हणजे आपला खांब. या घोळात अर्धे काम बिघडते.

जुनी पिढी नमुना वाचायची ती रुमालावरूनच. शेजारणीकडे गेले, टीव्हीवरचा रुमाल आवडला, तर तो मागून आणायचा आणि नखाने खांब मोजत घरी उतरवायचा. जाळीकामातले पोपट, हंस, शुभ-लाभ चौकटीच्या वहीत भरून ठेवलेले असत. भरलेला चौकोन म्हणजे खांब, रिकामा म्हणजे साखळ्या. त्या वह्या एका घरातून दुसऱ्या घरात फिरत आणि बहुधा परत येत नसत. उतरवताना काहीतरी चुकायचे आणि त्या चुकीतून नवे पान, नवा कंगोरा निघायचा. एकाच अननसाची देऊळगावराजाकडची आणि जळगाव जामोदकडची तऱ्हा वेगळी दिसली तर ती यामुळे. व्हिडिओने ही पायवाट बंद केली. सगळीकडे तंतोतंत तेच तोरण, तीच पाने, तोच लाल-पिवळा. नक्कल पूर्वीही होती, पण ती डोळ्यांतून आणि नखातून यायची, म्हणून जरा वाकडी यायची.

आता कापसाबद्दल, कारण या जिल्ह्यात दोऱ्याबद्दल लिहून कापूस टाळता येत नाही. खामगावची कापूस बाजारपेठ एवढी मोठी की जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा रेल्वेफाटा तिच्यासाठी टाकला गेला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. गासड्या या वाटेने मुंबईला आणि पुढे बोटीने जात. वऱ्हाडचा कापूस बाजारात ‘उमरा’ नावाने, म्हणजे अमरावतीच्या नावाने, विकला जाई. त्याचा तंतू आखूड होता. क्रोशाच्या दोऱ्याला लांब तंतू लागतो, तो विंचरून, अनेक पदर पिळून, वर मर्सराइझ करावा लागतो. जॉन मर्सर या इंग्रजाने सुती धागा कॉस्टिक सोड्यातून काढण्याची युक्ती शोधून १८५० मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे धागा त्या वेळी ताणून धरायचा हे कळले आणि मग त्याला रेशमासारखी चकाकी आली. म्हणजे कापसाच्या ढिगाशेजारी राहणाऱ्या आपल्या पणज्यांना क्रोशाचा दोरा दुकानातून विकतच आणावा लागला. घरच्या कापसाची त्या करत ती गेजवस्त्रे आणि फुलवाती. वस्त्रमाळेतला मण्यामण्यांचा आकार चिमटीने साधताना बोटांना जी सवय लागते, ती क्रोशात दोरा धरताना थेट उपयोगी पडते, असे माझे मत आहे. मात्र गेजवस्त्राला कुणी कला म्हणत नाही, ते पूजेचे सामान.

क्रोशाचीही गोची तशीच आहे. मेहकर-लोणार भागातल्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांची कांचळी-फेटिया, त्यावरचे आरसे, कवड्या, टाके मोजून केलेले भरतकाम यांना निदान अभ्यासक आणि संग्रहालये मिळाली. क्रोशा पडला परदेशातून आलेला, मिशनऱ्यांच्या आणि मुलींच्या शाळांच्या वाटेने आलेला. म्हणून लोककला म्हणून तो कुणी मोजला नाही. विकायचा नाही म्हणून उद्योगात नाही. ‘फावल्या वेळचे काम’ या खात्यात त्याला कायमचे टाकून दिले. शाळांत कार्यानुभवाचा तास होता तोवर मुलींच्या हातात एकदा तरी सुई यायची. पुढे त्या तासाला गणिताने गिळले.

जिथे हे काम विकले गेले तिथे काय झाले? आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात स्कॉटिश मिशनरी दांपत्याने १८४४ च्या सुमारास हे काम रुजवले आणि पुढे तिथून लेस परदेशी जाऊ लागली. १९८२ मध्ये अभ्यासक मारिया मीस यांनी त्या बायकांवर पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष बोचरा होता : दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या या बायकांना व्यापारी, सरकार आणि त्यांचे नवरेही कामगार मानत नव्हते. घरी बसून वेळ घालवणाऱ्या गृहिणी, म्हणून मजुरी नाममात्र. तेव्हा आपल्याकडे बाजार आला नाही याचे दुःख मी फार करत नाही. पण बाजाराबरोबर मापही येते, हे कबूल केले पाहिजे. नरसापूरच्या व्यापाऱ्याला सगळे नग एकाच मापाचे लागतात. आपल्या बचत गटांच्या स्टॉलवर एका जोडीतली दोन तोरणे शेजारी धरली तर एक चार बोटे लांब निघते. किंमत विचारली की बाई लोकरीचे पैसे सांगते आणि वर शंभर-दोनशे टाकते. तास ती मोजतच नाही. गिऱ्हाईक त्यातही घासाघीस करते, कारण त्याने मॉलमध्ये जाळीचा टॉप स्वस्तात पाहिलेला असतो. खरा क्रोशा कारखान्यातल्या यंत्रावर अजून होत नाही; मॉलमधल्या टॉपची वीण खरी असेल तर तीसुद्धा कुठल्यातरी बाईच्या हातचीच आहे, हे त्या गिऱ्हाइकाला माहीत नसते.

मोठेपणाची हौसही या कलेला लागली आहे. २०१६ मध्ये चेन्नईत अकरा हजार चौरस मीटरहून मोठी क्रोशाची गोधडी जोडून जागतिक विक्रम झाला. इतक्या बायका एकत्र आल्या, हे मोठेच. पण त्या गोधडीची पाठ कोण बघणार!

आणि टॅटिंग? ते आपल्याकडून जवळपास गेले. बोटभर लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा धोटा, त्यात गुंडाळलेला बारीक दोरा, आणि फक्त गाठींनी तयार होणारी लेस. रुमालाची कड, बाळाच्या कुंचीची किनार, पोलक्याचा गळा यांसाठी ती करत. क्रोशात चूक झाली तर एक ओढ दिली की सगळे सरसर उसवते. टॅटिंगची गाठ बसली की बसली. सुईच्या टोकाने एक गाठ सोडवायला तीन गाठींचा वेळ जातो. शिवाय मुख्य मर्म डोळ्यांना दिसत नाही. डाव्या बोटांभोवतीच्या फासातून धोटा खालून-वरून फिरवला की गाठ आधी धोट्याच्या दोऱ्यावर पडते. त्याच क्षणी डाव्या हाताची बोटे सैल करायची, धोट्याचा दोरा ताणायचा, आणि गाठ टुणकन फासाच्या दोऱ्यावर उडी मारते. ती उडी मारली नाही तर कडे कधीच ओढून बंद होत नाही. व्हिडिओत ही उडी निमिषात होते. तिचा ताण शेजारी बसलेल्या माणसाच्या हाताला हात लावूनच कळतो, आणि ते शेजारी बसणेच गेले आहे. टॅटिंगची एक आठवण मात्र प्रत्येक साडीबरोबर आपल्या घरात येते : गाठींमध्ये सोडलेल्या लहानशा फासाला फ्रेंचमध्ये पिको म्हणतात. गल्लीतल्या ‘फॉल-पिको करून मिळेल’ या पाटीवर तेवढे नाव राहिले, फास गेला.

आईच्या ट्रंकेत मला असा एक धोटा सापडला, पिवळट प्लास्टिकचा, आत दोरा अर्धा गुंडाळलेला. त्याला लोंबत होती सहा कड्यांची अपुरी किनार. मी ती पहिल्यांदा उलटी केली. टोके कुठे दडवली आहेत ते सापडेना. भिंग आणले तरी सापडेना. सातवे कडे मी घालून बघते आहे. गाठी मोजून आठ घेतल्या, पिको सोडला, पुन्हा आठ. ओढले, तर कडे हलत नाही. कुठलीतरी एक गाठ अजून चुकीच्या दोऱ्यावरच बसलेली आहे.