मूक पुरावा आणि बोलता साक्षीदार : न्यायसहायक विज्ञानाची परिचयपुस्तके व कीळवेण्मणी

सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या न्यायसहायक विज्ञानाच्या परिचयपुस्तकांची गणना विज्ञानलेखनात होते. तथापि कथनरचनेच्या अंगाने पाहता ती रहस्यकथेला अधिक जवळची ठरतात. घटनास्थळ, तेथील खूण, प्रयोगशाळेतील परीक्षण आणि अखेरचा उलगडा हा त्यांचा ठरलेला क्रम असतो, आणि वाचकाला तपास करणाऱ्याच्या जागी उभे केले जाते. हा क्रम कोणती गृहीतके स्वीकारून चालतो, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या कक्षेत येतो.

प्रथम परिभाषेचा विचार करता येईल. महाराष्ट्राच्या शासकीय व्यवहारात रूढ झालेली ‘न्यायसहायक’ ही संज्ञा या शास्त्राचे नाते न्यायालयाशी जोडते. तमिळमधील ‘तडय अरिवियल’ ही संज्ञा मात्र खुणेकडे निर्देश करते. ‘तडयम्’ म्हणजे मागे राहिलेली खूण, आणि ‘तडम्’ म्हणजे माग किंवा पाऊलखूण. परिचयपुस्तकांचा ओढा या दुसऱ्या अर्थाकडे आहे. प्रत्येक संपर्क काही खूण मागे ठेवतो, हे एदमों लोकार यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व त्यांच्या केंद्रस्थानी असते. माणूस चुकतो किंवा खोटे बोलतो, वस्तू मात्र खोटे बोलत नाही, असा त्याचा लोकप्रिय भावार्थ. पाश्चात्त्य संदर्भात या भूमिकेला सबळ आधारही आहे. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या अनेकांची शिक्षा प्रत्यक्षदर्शींनी केलेल्या चुकीच्या ओळखीवर उभी होती.

हेच गृहीतक कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तपासले असता त्याची मर्यादा ध्यानात येते. तंजावर म्हटले की मराठी अभ्यासकाला भोसले राजवट आणि सरस्वती महाल आठवतो. त्याच जुन्या तंजावर जिल्ह्यातील, आता नागपट्टणम जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणी या गावी 25 डिसेंबर 1968 च्या रात्री शेतमजुरीच्या संघर्षातून एका झोपडीत 44 दलितांना जाळण्यात आले. मृतांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. 1970 मध्ये सत्र न्यायालयाने काही जमीनदारांना 10 वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. 1973 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. मोटारी बाळगणारे सधन जमीनदार स्वतः पायी चालत येऊन आग लावतील हे संभवनीय नाही, असा विचार त्या निकालात आढळतो.

येथे निर्णायक ठरली ती संभाव्यतेची कल्पना. आणि ती खुणेतून नव्हे, आरोपींच्या सामाजिक स्थानातून आली. मद्रासमध्ये रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा 1849 पासून होती. त्यामुळे केवळ शास्त्राच्या अभावाने या पेचाचा उलगडा होत नाही. मजुरांपाशी मुख्यतः त्यांचा शब्द होता. बोलत्या साक्षीदारापेक्षा मूक वस्तू श्रेष्ठ हा परिचयपुस्तकांचा धडा येथे तटस्थ राहत नाही. ज्याच्याकडे शब्दाखेरीज काही नाही, त्याचे स्थान तो आणखी दुबळे करतो.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेली दोन इंग्रजी पुस्तके या दृष्टीने शेजारी ठेवण्याजोगी आहेत. रहस्यकथाकार व्हॅल मॅक्डर्मिड यांच्या ‘फॉरेन्सिक्स : द अ‍ॅनाटमी ऑफ क्राइम’ या परिचयपुस्तकात आगीच्या घटनास्थळावर स्वतंत्र प्रकरण असून शेवट न्यायालयावरील प्रकरणाने होतो. तज्ज्ञाची उलटतपासणी त्यात येते, म्हणजे पुराव्याच्या वाचनाचा प्रश्न लेखिकेने टाळलेला नाही. मात्र तेथे कसोटी लागते ती तज्ज्ञाची. मीना कंदसामी यांची ‘द जिप्सी गॉडेस’ ही कादंबरी कीळवेण्मणीवरच आहे. जमीनदाराचे शासनाला दिलेले निवेदन, पत्रके यांसारखे दस्तऐवजी घाट वापरून ती प्रत्येक कागदामागचा बोलविता धनी दाखवत जाते आणि सलग उलगड्याची अपेक्षा वारंवार मोडते. याच घटनेवरील इंदिरा पार्थसारथी यांच्या ‘कुरुदिप्पुनल’ला 1977 चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला, मात्र अत्याचाराचे मूळ एका जमीनदाराच्या लैंगिक न्यूनगंडात शोधल्याचा आक्षेप तिच्यावर घेतला गेला. एका गुन्हेगारापाशी येऊन थांबण्याची रहस्यकथेची सवय गंभीर कादंबरीतही कशी शिरते, हे त्या आक्षेपातून कळते.

यावरून परिचयपुस्तके निरुपयोगी ठरत नाहीत. रक्त, राख, विष यांचे परीक्षण कसे होते हे नागरिकाला ठाऊक असणे इष्टच आहे. सदोष तपासावर प्रश्न विचारण्याचे बळ त्यातूनच येते. परंतु भारतीय भाषांत असे पुस्तक लिहिताना परदेशी प्रकरणांच्या जागी देशी प्रकरणे घालणे पुरेसे नाही. कोणाचा शब्द पुरावा मानला जातो आणि ‘संभवनीय’ काय हे कोण ठरवते, याला त्यात प्रकरणाचे स्थान हवे. ‘न्यायसहायक’ या मराठी संज्ञेत ही अपेक्षा आधीच अंतर्भूत आहे. त्या नावाने लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांनी तिची दखल घेणे अगत्याचे आहे.