तीन अंकांत आटोपलेलं युद्ध

(भरपूर स्पॉयलर आहेत. ‘फेबल्स’ वाचायची असेल तर आधी ती वाचा, हा लेख कुठे पळून जात नाही.)

‘फेबल्स’मधलं मोठं युद्ध पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चक्क फसवल्यासारखं वाटलं होतं. बिल विलिंगहॅमची ही कॉमिक-मालिका २००२ साली सुरू झाली. परीकथांमधली पात्रं आपापल्या जगांतून परागंदा होऊन न्यूयॉर्कमध्ये लपून राहतायत. हिमगौरी, लांडगा, पिनोकियो, सगळेच. एक ‘शत्रू’ त्यांची जगं एकेक करून गिळत सुटलाय. तो शत्रू म्हणजे पिनोकियोला घडवणारा म्हातारा सुतार जेपेट्टो, हे कळतं तेव्हा हातातला फोन खाली ठेवावासा वाटतो. सत्तरहून जास्त अंक आपण युद्धाची वाट बघतो. आणि २००८ साली ‘वॉर अँड पीसेस’ येतं, ते ७३ ते ७५ अशा तीन अंकांत आटोपतं. तीन!

बेत हुशारीचा आहे, यात वाद नाही. झोपेचा शाप असलेली राजकन्या साम्राज्याच्या राजधानीत जाऊन बोटाला टोचून घेते आणि अख्खं शहर झोपी जातं. सिंदबाद आणि प्रिन्स चार्मिंगचं उडतं जहाज जगांमधली दारं बॉम्बने उडवत निघतं. परतीची वाट बिग्बी लांडगा धरून ठेवतो. बॉय ब्लू जादूचा झगा पांघरून आघाड्यांमध्ये ये-जा करतो. आपल्याला लगेच गनिमी कावा आठवतो, पण इथे गंमत उलटी आहे. संख्येने लहान असलेल्या बाजूकडेच बंदुका आणि बॉम्ब आहेत, समोरच्यांकडे तलवारी आणि ड्रॅगन.

इथेच मला खटकतं. ५०व्या अंकात बिग्बी जेपेट्टोला तोंडावर इस्राएलचं उदाहरण देतो: आम्ही लहान आहोत, पण मारलंत तर कित्येक पटींनी परत मारू. लेखकाची सहानुभूती कुठे आहे हे तो लपवत नाही, तो त्याचा हक्क आहे. पण मग वरून बॉम्ब पडतात तेव्हा खाली कोण आहे, हे या तीन अंकांत जवळपास दिसतच नाही. साम्राज्याच्या सैन्यात फक्त लाकडी बाहुले नव्हते. झोपलेल्या राजधानीत भाजीवाले, धोबी, पोरंबाळंही असणार. त्यांच्यासाठी एखादी चौकट खर्च केली असती तर काय बिघडलं असतं?

(मार्क बकिंगहॅमची चित्रं मात्र पूर्ण पान उघडून बघा. फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचलं की पानाच्या कडेची त्याची नक्षी कापली जाते.)

दुसऱ्यांदा वाचताना माझं मत थोडं हललं. लढाईबद्दल नाही, शेवटच्या पानांबद्दल. हरलेल्या जेपेट्टोला मारत नाहीत. त्याच्यापुढे फेबलटाउनचा करार ठेवला जातो: सही कर, मागचं सगळं माफ. ही माफी ऐनवेळी काढलेली पळवाट नाही, पहिल्या अंकापासूनचा नियम आहे. माणसं खाणारा बिग्बी या नियमामुळेच शेरीफ होऊ शकला, आणि तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या. मग जेपेट्टोच्या वेळी माझं रक्त का खवळलं? बिग्बी देखणा आहे, विनोदी आहे, हिमगौरीवर प्रेम करतो म्हणून? याचं धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

आणि युद्ध स्वस्तात सुटलं ही माझी तक्रारही अर्धीच खरी होती. चार्मिंग शेवटचं दार उडवताना जातो, तेही भव्य पद्धतीने. पण ब्लूच्या हाताला लागलेला बाण किरकोळ वाटतो. ती जखम पुढच्या ‘द डार्क एजेस’मध्ये चिघळत जाते आणि ब्लू अंथरुणावर, हळूहळू मरतो. जिंकल्यानंतर. युद्धाचे तीन अंक मी विसरेन, ते अंथरूण नाही.

त्याच्या थोडं आधी, ७६व्या अंकात, पिनोकियो बापाला फेबलटाउन दाखवायला घेऊन फिरतो. ज्यांची घरंदारं त्याने बेचिराख केली ते सगळे रस्त्यात भेटतात. त्याला हात लावता येत नाही, कारण त्याच कागदावर त्यांच्याही सह्या आहेत.