एक्सएमएलचे पहिले पुस्तक

एक्सएमएल शिकायला कोणते पुस्तक घ्यावे, असे शिक्षक आम्हांला विचारतात. १९९८ साली प्रमाणित झालेल्या या भाषेत खुणा आपणच ठरवायच्या असतात. उदाहरणार्थ, <फूल>जास्वंद</फूल>. उघडलेली खूण बंद करावी, खुणांची गुंतागुंत होऊ नये आणि सर्वांना सामावणारी एकच मूळ खूण असावी, हे मुख्य नियम.

एरिक रे यांचे 'लर्निंग एक्सएमएल' (२००१) मूळ कल्पनांपासून पायरीपायरीने पुढे नेते. नवशिक्याने तेच आधी घ्यावे. हॅरॉल्ड आणि मीन्स यांचे 'एक्सएमएल इन अ नटशेल' संदर्भासाठी उत्तम आहे. पण शब्दकोश पाठ करून भाषा येत नाही. दोन्ही जुनी असली तरी हे नियम बदललेले नाहीत.

पहिल्या पुस्तकाची आमची कसोटी मात्र वेगळी आहे. <फूल>बटाटा</फूल> असे लिहिले तरी संगणक तक्रार करत नाही, कारण तो रचना तपासतो, अर्थ नव्हे. हे ज्या पुस्तकातून कळत नाही, ते नुसत्या खुणा शिकवते. म्हणून पुस्तक कोणतेही घ्या, हा बटाटा वर्गात फळ्यावर जरूर लिहा. चूक कोणी पकडायची, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.